ज्याचं त्याचं कर्म, असं थिऑसॉफी म्हणत नाही

थिऑसॉफीचं, म्हणजे सगळ्या धर्मांच्या मुळाशी एकच सत्य आहे असं मानणाऱ्या चळवळीचं, नाव काढलं की लोक लगेच त्यातल्या गूढ भागाकडे धावतात. हिमालयातले महात्मे, छतातून टपकन पडणारी पत्रं, सूक्ष्म शरीर, मागचे जन्म, ऑरा वगैरे. यूट्यूबवर शोधा, निम्मे व्हिडिओ याचेच आणि मागे तेच ते घुं घुं म्युझिक. मला त्यात अजिबात रस नाही असं नाही, रात्री अकरा वाजता मीही बघते. पण आमच्या आईच्या मामांच्या कपाटात ही पुस्तकं होती म्हणून कॉलेजपासून चाळत आलेय, नंतर काही वर्षं दक्षिण मुंबईतल्या एका अभ्यासवर्गालाही जात होते, आणि एवढं सगळं करून माझं मत असं झालंय की या मंडळींकडून घेण्यासारखी सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे कर्माचा सिद्धांत कसा वापरायचा नाही, ही. आणि गंमत म्हणजे त्यांच्यातल्याच काही मोठ्या लोकांनी तो नेमका तसाच वापरला. त्यावरही येते.

आधी थोडी पार्श्वभूमी, कारण आपल्याकडे हे सगळं मद्रासचं प्रकरण समजलं जातं. थिऑसॉफिकल सोसायटी स्थापन झाली न्यूयॉर्कमध्ये, १८७५ च्या नोव्हेंबरात, मॅडम ब्लाव्हाट्स्की, कर्नल ऑल्कॉट आणि विल्यम जज हे त्यातले मुख्य लोक. पण भारतात ब्लाव्हाट्स्की आणि ऑल्कॉट उतरले ते आपल्या मुंबईत, फेब्रुवारी १८७९ मध्ये, आणि राहिले कुठे तर गिरगावात, गिरगाव बॅक रोडला! 'द थिऑसॉफिस्ट' मासिक तिथूनच ऑक्टोबर १८७९ ला सुरू झालं. पुढे ब्रीच कँडीला बंगला घेतला, आणि मद्रासजवळच्या अड्यारला गेले ते १८८२ च्या डिसेंबरात. म्हणजे जवळजवळ चार वर्षं हा कारभार मुंबईतून चालला, मागे ब्रिटिश सरकारचे हेर, कारण बाई रशियन. कल्पना करा, गिरगावातल्या गल्लीत एक धिप्पाड रशियन बाई दिवसभर सिगरेटी ओढत लेख लिहितेय आणि दारात पारशी, गुजराती, मराठी मंडळींची रीघ.

त्या मराठी मंडळींत तुकाराम तात्या पडवळ होते. हे नाव मराठी माणसाला खरं तर माहीत हवं. १८६१ साली जातिभेदावर घणाघाती पुस्तक लिहिणारा, जोतिराव फुल्यांच्या वर्तुळातला माणूस, पुढे तुकारामांची गाथा छापणारा, आणि हाच मुंबईतल्या थिऑसॉफिस्टांचा आधारस्तंभ. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा जरा चक्रावायला झालं कारण माझ्या डोक्यात थिऑसॉफी म्हणजे इंग्रजी बोलणाऱ्या उच्चवर्णीय वकिलांचा क्लब. मग वाटलं की नाही, पडवळांसारखा माणूस तिथे का गेला असेल हे समजण्यासारखं आहे. कारण सोसायटीत यायला अट एकच: वंश, धर्म, लिंग, जात, रंग यांचा भेद न करता माणसामाणसांतला बंधुभाव मान्य करायचा. बाकी काही मानू नका. पुनर्जन्म नका मानू, महात्मे नका मानू, ब्लाव्हाट्स्कीबाईंचं एक अक्षर नका मानू, तुमचा धर्म सोडू नका, चालेल. हे कागदावर सोपं दिसतं. १८७९ च्या गिरगावात एका पंगतीत बसायची वेळ आली की किती सोपं असेल ते सांगायला नको.

आता चैतन्याचा भाग, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. थोडक्यात सांगते, अभ्यासवर्गात आम्ही याच्यावर महिनोन्‌महिने घालवलेत ते सोडा. यांच्या मते माणूस सात थरांचा: स्थूल शरीर, प्राण, लिंगशरीर, काम, मनस, बुद्धी, आत्मा. शब्द सगळे आपल्याकडचे, मांडणी त्यांची, आणि शांकर वेदान्तवाल्यांना ही मांडणी बघून कपाळावर आठ्या पडतात ते साहजिक आहे. पण त्यात एक गोष्ट आहे जी मला फार पटते. मन दोन तोंडांचं आहे. एक तोंड खाली, कामाकडे, म्हणजे हवंय-नकोय, भीती, राग, मत्सर यांच्याकडे. दुसरं वर, बुद्धीकडे, जिथे मी आणि तू हा फरकच पातळ होतो. आणि खालचं मन म्हणजे मूर्ख मन अजिबात नाही. ते अतिशय हुशार असतं. सगळी हुशारी कामाच्या दिमतीला लावलेली असते एवढंच.

याचं उदाहरण मला पुस्तकात नाही, आमच्या हाउसिंग सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सापडलं. एका बाईंचं कानातलं हरवलं. त्यांनी ग्रुपवर टाकलं, "काल दुपारपासून कानातलं सापडत नाहीये. सकाळी ड्रेसिंग टेबलवरच होतं. दुपारी मावशी येऊन गेल्या. कुणाला काही कळलं तर प्लीज सांगा." आता ही चार वाक्यं नीट बघा. एकही खोटं नाही. कानातलं हरवलंय, सकाळी टेबलवर होतं, मावशी आल्या होत्या, सगळं खरं. कुणावर आरोपही नाही, कोर्टात नेलं तरी बाई निर्दोष सुटतील. आणि तरी अर्ध्या तासात खाली काय काय यायला लागलं! "हल्ली कुणाचा भरवसा नाही", "आमच्याकडेही मागे परफ्यूम गेला होता", एका काकांनी तर कुठल्यातरी दुसऱ्याच शहरातल्या चोरीचा व्हिडिओ फॉरवर्ड केला. त्या चार वाक्यांत काय कारागिरी आहे, मला तर दाद द्यावीशी वाटली. हे खालचं मन. त्याला व्याकरण येतं, कायदा येतो, प्लीज म्हणणं येतं.

थिऑसॉफिस्टांची एक छोटीशी पुस्तिका आहे, 'ॲट द फीट ऑफ द मास्टर', १९१० ची, अल्सायोनी या नावाने आलेली, म्हणजे तेव्हाचे लहानगे जिद्दू कृष्णमूर्ती. ती खरंच त्यांनी लिहिली की त्यांना शिकवणारे थिऑसॉफिस्ट लेडबीटर साहेब यांनी, यावर लोक अजून भांडतात, भांडोत. तिच्यात म्हटलंय की जगात सगळ्यात जास्त नुकसान तीन गोष्टी करतात, कुचाळकी, क्रूरपणा आणि अंधश्रद्धा. कुचाळकीचा नंबर पहिला! खून नाही, दरोडा नाही. आणि बोलण्याआधी तीन गोष्टी तपासायला सांगितल्यात: खरं आहे का, प्रेमाने बोललेलं आहे का, उपयोगाचं आहे का. तिन्हीत बसत नसेल तर गप्प बसा. लोक हे वाचतात आणि पहिल्याच गोष्टीवर थांबतात, "मी खरं तेच बोललो". अहो पण तिन्ही लागतात. वरचा मेसेज पहिल्यात शंभर टक्के पास आहे.

पुढे काय झालं तर कमिटीने ठरवलं की येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्या मावशींच्या बॅगा गेटवर तपासायच्या. सगळ्या म्हणजे त्यांच्याच, आपल्या नाही. मी ऑफिसला निघताना बघते, वॉचमनसमोर टेबल, त्यावर पिशवी उपडी. स्टीलचा छोटा डबा, घडीची छत्री, मोबाईलचा चार्जर, औषधाची अर्धी स्ट्रिप, कुणीतरी दिलेला जुना फ्रॉक, आणि त्या फ्रॉकसाठी चिठ्ठी, "मी दिला आहे, फ्लॅट अमुक". म्हणजे दिलेल्या वस्तूलाही पास. वॉचमनलाही लाज वाटते, तो दुसरीकडे बघत पिशवी चाचपतो. मी मीटिंगमध्ये बोलले, सगळ्यांच्याच बॅगा तपासा म्हटलं, हशा झाला. आणि एक गृहस्थ, रोज ध्यान करणारे, अगदी सज्जन, मला नंतर बाजूला घेऊन म्हणाले, "तुम्ही फार मनाला लावून घेता, शेवटी ज्याचं त्याचं प्रारब्ध असतं."

झालं. इथेच मला थिऑसॉफी आठवते.

आपल्याकडे हे वाक्य इतकं सहज येतं की ते आध्यात्मिक आहे असंच वाटतं. नातेवाइकांत कुणाला मोठा आजार झाला की भेटायला आलेली माणसं जिन्यात उतरताना "भोग असतात" म्हणतात. ब्लाव्हाट्स्की कर्म मानत होती, अगदी ठणकावून मानत होती, पण तिच्या १८८९ च्या 'द की टू थिऑसॉफी' या प्रश्नोत्तरांच्या पुस्तकात तुम्ही कर्माचं प्रकरण वाचलंत तर त्यातून कुणाला हात झटकायची परवानगी मिळत नाही. मुद्दा साधा आहे. समोरच्याचं कर्म काय आहे ते तुम्हाला दिसत नाही, ते बघायची तुमची लायकीही नाही. तुम्हाला दिसतंय ते एवढंच की तो अडचणीत आहे आणि तुम्ही तिथे उभे आहात. तुम्ही तिथे असणं हेही कर्मच ना? मग मदत न करणं हे तुमच्या खात्यात जमा होणार. त्याच वर्षीच्या 'द व्हॉइस ऑफ द सायलेन्स'मध्ये तर सरळ म्हटलंय की दयेच्या कामात हात आखडणं हेच महापाप ठरतं. आणि सगळी माणसं मुळात एक आहेत हे जर खरं, तर त्याचं कर्म आणि माझं कर्म अशी भिंत घालणार कुठे? एकाने घेतलेल्या उडीचं पाणी दुसऱ्याच्या अंगावर उडणारच.

म्हणजे बंधुभाव ही त्यांच्याकडे गोड भावना नव्हती, ते चैतन्याबद्दलचं विधान होतं, आणि रोजचं वागणं त्यातून निघत होतं. निदान निघायला हवं होतं.

कारण आता दुसरी बाजू. ती सांगितली नाही तर मी पण त्या यूट्यूबवाल्यांतलीच.

कूलोम्ब प्रकरण बऱ्याच जणांना माहीत असतं, ब्लाव्हाट्स्कीच्याच घरात राहणाऱ्या जोडप्याने १८८४ मध्ये जाहीर केलं की ती पत्रं वगैरे हातचलाखी आहे, मग लंडनच्या सोसायटी फॉर सायकिकल रिसर्च या संस्थेसाठी हॉजसनने केलेला अहवाल आला त्याने तिला भोंदू ठरवलं, आणि शंभरेक वर्षांनी, १९८६ मध्ये, हॅरिसन नावाच्या तज्ज्ञाने त्याच संस्थेच्या जर्नलमध्ये तो अहवालच पक्षपाती होता असं लिहिलं. मला त्याचं फार काही वाटत नाही. पत्रं खरी असोत की खोटी, गेटवरच्या त्या टेबलाला त्याने काय फरक पडतो.

मला जास्त खटकतं ते वेगळंच आहे. १८८८ मध्ये लंडनमध्ये काड्यापेटीच्या कारखान्यातल्या पोरींच्या बाजूने लिहून त्यांच्या संपाला बळ देणारी ॲनी बेझंट, पुढे थिऑसॉफीत आली, भारतात आली, १९०७ मध्ये सोसायटीची अध्यक्ष झाली, होमरूल लीग काढली, टिळकांच्या बरोबरीने गाजली. आणि याच बाईंनी १९०९ मध्ये अस्पृश्य मुलांच्या शिक्षणावर लेख लिहिला, त्यात म्हटलं की या मुलांना वरच्या वर्गातल्या मुलांबरोबर एका शाळेत बसवू नये, कारण त्यांची शरीरं पिढ्यान्‌पिढ्या दारू आणि उग्र वासाच्या खाण्यावर घडलेली आहेत. हा लेख आज कुणाच्या लक्षातही राहिला नसता, पण डॉ. आंबेडकरांनी १९४५ च्या त्यांच्या काँग्रेस आणि गांधींवरच्या पुस्तकात तो उतरवून घेतला, कसलीही फुलं न उधळता. वाचताना अंगावर काटा येतो. आणि हे कुठल्या सोसायटीच्या अध्यक्षा लिहितायत, तर जिच्या पहिल्याच उद्दिष्टात जातीचा भेद नको असं लिहिलंय, आणि जिचे पहिले अध्यक्ष ऑल्कॉट यांनी १८९४ मध्येच मद्रासला त्याच मुलांसाठी मोफत शाळा काढली होती!

हे कसं होतं? माझा अंदाज असा की उत्क्रांतीची शिडी घात करते. थिऑसॉफीत आत्मे जन्मोजन्मी शिकत वर चढतात, कुणी पुढे, कुणी मागे. ऐकायला बरं वाटतं. पण शिडी आली की तुम्ही कुठल्या पायरीवर आणि खालच्या पायरीवर कोण हे ठरवायला मन लगेच तयार, आणि दर वेळी स्वतःला वरचीच पायरी मिळते हे काय नवल आहे का. मूळवंशांचा जो सिद्धांत आहे, एकामागून एक मानववंश वगैरे, त्याचंही युरोपात पुढे वंशवादी लोकांनी काय केलं ते वाचावं. बंधुभाव आणि शिडी, दोन्ही एकाच पुस्तकात. मी पहिलं घेते, दुसरं ठेवून देते. कुणी म्हणेल की असं वेचून घेता येत नाही. येतं, सोसायटीची अटच तशी आहे, वर सांगितलं ना.

दामोदर मावळंकरांचंही असंच मला दोन मनांनी वाटतं. अहमदाबादचं मराठी कऱ्हाडे घराणं, विशीतला मुलगा, १८७९ मध्ये मुंबईत सोसायटीत आला, जात सोडली, घरदार सोडलं, मासिकाचा सगळा व्यवहार रात्र-रात्र जागून सांभाळला, आणि फेब्रुवारी १८८५ मध्ये गुरूंच्या शोधात तिबेटच्या दिशेने निघाला तो परत आलाच नाही. थिऑसॉफिस्ट लोक त्याच्याबद्दल अगदी गहिवरून बोलतात. अभ्यासवर्गात त्याचा विषय निघाला तेव्हा मी विचारलं, त्याची बायको? लहानपणीच लग्न झालं होतं ना त्याचं. तिच्या पालनपोषणाची व्यवस्था त्याने वडिलांकडे लावून दिली होती असं उत्तर मिळालं. ठीक आहे, व्यवस्था. पण जात सोडणाऱ्याचं धाडस इतिहासात आलं आणि त्याच्या मागे राहिलेल्या त्या पोरीचं त्या काळच्या घरात पुढे काय झालं असेल हे कुणाला विचारावंसंही वाटलं नाही. चहा आला, विषय बदलला.

या सगळ्यात मला जवळचा वाटतो तो बहमन पेस्तनजी वाडिया. पारशी, मुंबईचा, अड्यारला बेझंटबाईंच्या हाताखाली 'न्यू इंडिया' पेपरात काम करणारा, १९१७ मध्ये त्यांच्याबरोबर नजरकैदेत गेलेला. १९१८ मध्ये बकिंगहॅम आणि कर्नाटिक मिलच्या कामगारांचं गाऱ्हाणं घेऊन काही माणसं त्याच्याकडे आली. गाऱ्हाण्यांत एक होतं जेवणाच्या सुट्टीचं, इतकी अपुरी की माणसाने घास गिळावा की हात धुवावा. आता हा गृहस्थ ब्लाव्हाट्स्कीच्या 'सीक्रेट डॉक्ट्रिन' या ग्रंथामध्ये बुडालेला माणूस, सहज म्हणू शकला असता की शरीराचे भोग आहेत, आत्म्याकडे लक्ष द्या. त्याने २७ एप्रिल १९१८ ला मद्रास लेबर युनियन काढली. भारतातली पहिली पद्धतशीर बांधलेली कामगार संघटना म्हणून तिचं नाव घेतात. पेरांबूरला जाऊन कामगारांसमोर उभं राहून भाषणं करायचा, दुभाष्या तमिळमध्ये सांगायचा.

कंपनी गप्प बसते होय! या गिरण्या चालवणाऱ्या बिन्नी कंपनीने वाडियावर हायकोर्टात दावा ठोकला, कामगारांना करार मोडायला चिथावलं म्हणून, आणि कोर्टाने मनाईहुकूम दिला. तडजोड झाली त्यात वाडियाला युनियनपासून बाजूला व्हावं लागलं. पण या खटल्याने एक गोष्ट उघडी पडली की या देशात संघटना काढणं हाच गुन्हा ठरू शकतो, आणि मग १९२१ मध्ये आपल्या ना. म. जोशींनी मध्यवर्ती कायदेमंडळात कामगार संघटनांना संरक्षण देणारा कायदा करा म्हणून ठराव मांडला. त्यातून १९२६ चा ट्रेड युनियन कायदा आला. गिरणगावात ज्यांच्या घरी युनियनची पावती असायची त्यांतल्या किती जणांना माहीत असेल की त्या कायद्याच्या मागे एका थिऑसॉफिस्टावरचा खटला आहे.

वाडियाने १९२२ मध्ये अड्यारची सोसायटीही सोडली, ही मूळ शिकवणीपासून भरकटली म्हणून, आणि युनायटेड लॉज ऑफ थिऑसॉफिस्ट्स या गटात गेला. १९२९ मध्ये मुंबईत त्यांचं काम सुरू केलं, न्यू मरीन लाइन्सला त्यांचा थिऑसॉफी हॉल आहे. या गटाची एक पद्धत मला फार आवडते. व्याख्यान असतं तेव्हा वक्त्याचं नाव जाहीर करत नाहीत, विषय काय तेवढं सांगतात. हल्ली दोन ओळींच्या सुविचाराखाली लोक स्वतःचं नाव, फोटो आणि मोबाईल नंबर टाकतात, त्या काळात हे.

गेटवरचं टेबल अजून आहे. पुढच्या मीटिंगला विषय पुन्हा अजेंड्यावर टाकायला मी लेखी दिलंय, या वेळी आणखी दोन घरांच्या सह्या मिळाल्यात, त्यातली एक त्या कानातलंवाल्या बाईंच्या सुनेची.